रूम फुल्ल आहे!

नांदगावच्या आमच्या विहारात रविवारी पोरं जमतात. कुणी एमपीएससीचा अभ्यास करतो, कुणी पोलीस भरतीची तयारी. मागे एकदा बोलता बोलता लॉजचा विषय निघाला. एक पदवीधर पोरगा म्हणाला, "दादा, आता लॉजवर कोण जात विचारतं? पैसे टाकले की रूम मिळते. तुम्ही जुने कार्यकर्ते अजून १९३० मध्येच अडकलेत." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प राहिलो. पण हे वाक्य त्या एका पोराचं नाही. आपल्या शिकलेल्या पिढीत ते सर्रास बोललं जातं. म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

आधी माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या दोन पोरांना परीक्षेसाठी शेजारच्या जिल्ह्यात घेऊन गेलो होतो. पेपर सकाळी नऊला, त्यामुळे आदल्या रात्री मुक्काम करणं भाग होतं. दुपारी स्टँडजवळच्या एका लॉजला फोन केला. "या, रूम आहेत, सातशे रुपये" असं उत्तर मिळालं. रात्री साडेनऊला पोचलो. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर पुढे ओढलं, आधार मागितलं. नाव वाचलं, मग पोरांची नावं वाचली. "नांदगावचे का? नांदगावात कुठले?" मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याने आधार परत दिलं. "अहो, सॉरी हां, एक लग्नाची पार्टी येणार आहे, मी विसरलोच. रूम फुल्ल आहे."

त्याच्या मागच्या फळीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या. मी मोजल्या. सात होत्या. आम्ही बाहेर पायरीवर बसून पुढे कुठे जायचं ते ठरवत होतो, तेवढ्यात एक कुटुंब रिक्षातून उतरलं, आत गेलं आणि पाच मिनिटांत किल्ली घेऊन जिना चढलं. आम्ही एसटी स्टँडच्या बाकड्यावर रात्र काढली. पोरांनी सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं आणि पेपरला गेले.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. बाकड्यावर बसल्यावर त्यातला धाकटा मला म्हणाला, "दादा, खरंच फुल्ल असेल. लग्नसराई आहे." तो त्या माणसाची बाजू घेत नव्हता, स्वतःची समजूत घालत होता. सकाळी पेपर लिहायचा होता. आपला अपमान झालाय हे मान्य करून पेपर लिहिण्यापेक्षा रूम फुल्ल होती असं मानून पेपर लिहिणं सोपं. "आता कोण जात विचारतं" हे वाक्य असंच तयार होतं. ते अनुभवातून येत नाही, अनुभव गिळून टाकल्यावर येतं.

आता कुणी म्हणेल, पुरावा काय? त्याने जात विचारली का? नाही विचारली. विचारायची गरजच कुठे पडते? नाशिक जिल्ह्यात पगारे, केदारे म्हटलं की समोरच्याला पुढचं विचारावं लागत नाही. जाधव, मोरे, पवार असेल तर दुसरा प्रश्न येतो, "गाव कोणतं? गावात कुठे राहता?" आपल्याकडे गावाची रचनाच अशी आहे की घराचा पत्ता हाच जातीचा दाखला होतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना घर मिळणं जास्त अवघड जातं, पैसे द्यायची तयारी असली तरीही, हेच त्यातून दिसलं. घरमालकाला नाव पुरतं. लॉजमालकाला का पुरणार नाही?

राहिला "पैसे टाकले की रूम मिळते" हा मुद्दा. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. संस्थानच्या महालेखापाल कार्यालयात त्यांची नेमणूक झाली होती. राहण्या-जेवण्याचे रोज दीड रुपया द्यायला ते तयार होते. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. तिथला राखणदारही गिऱ्हाईक नसल्याने पैशाला नाही म्हणत नव्हता. अडचण होती ती रजिस्टरची. नोंदीत पारशी नाव लागत होतं, ते बाबासाहेबांनी लावलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेले. हिंदू मित्राने हात वर केले, ख्रिस्ती मित्रानेही टाळलं. शेवटी बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पदवी होती, नोकरी होती, खिशात पैसेही होते. नव्हतं ते फक्त रजिस्टरला चालेल असं नाव.

दुसरी घटना तर आपल्या दाराशी घडलेली आहे. आपल्या रेल्वेमार्गावर नांदगावच्या पुढे चाळीसगाव लागतं. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब तिथे उतरले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून दोन फर्लांगांवर. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. तोडगा काय निघाला? टांगा भाड्याने देऊ, हाकणार मात्र नाही! मग ज्याला टांग्याची सवय नाही असा आपलाच माणूस लगाम धरून बसला. मोरीवर टांगा उलटला, घोडा-गाडी खाली नदीत गेली, बाबासाहेब फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

हा तोडगा नीट वाचा. टांगेवाल्याने भाडं सोडलं नाही आणि जातही सोडली नाही. मनमाड आपल्याच तालुक्यात आहे. तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण ते दोन वेगळे शत्रू समजून पाठ करतो. लॉजच्या काउंटरवर ते दोघे एकाच खुर्चीत बसलेले असतात. निव्वळ भांडवलशाही असती तर सात किल्ल्या फळीवर टांगून ठेवून तीन गिऱ्हाइकं परत पाठवली नसती. त्या माणसाने त्या रात्री सातशे रुपये सोडले. जात पाळायला तो खर्च करायला तयार होता, हे लक्षात घ्या.

मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात असं होत नाही, असं कुणी म्हणेल. तिथे दाराशी बिलच माणूस गाळून घेतं. आपले लोक मुक्कामाला कुठे जातात? भरतीला आलेली पोरं, सिव्हिल हॉस्पिटलात पेशंट असलेल्याचे नातेवाईक, कोर्टाच्या तारखेला आलेली म्हातारी माणसं, घरातून निघून लग्न केलेली आंतरजातीय जोडपी, हे सगळे स्टँडजवळच्या स्वस्त लॉजवर जातात. आणि तिथेच मालक, मॅनेजर, वेटर सगळ्यांना परिसरातली आडनावं आणि आळ्या पाठ असतात.

मग करायचं काय? एक उपाय आपल्यातलेच काही सुचवतात. ॲपवर फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव टाका, आडनाव गाळा, कशाला डोक्याला ताप? ज्याला रात्री लेकराला घेऊन कुठेतरी पाठ टेकायची आहे त्याने तसं केलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण चळवळीने हा सल्ला देऊ नये. बडोद्यात नाव बदलून दहा दिवस निभावले, अकराव्या दिवशी काठ्या आल्याच.

दुसरा उपाय, आपल्या समाजाचं भवन बांधू. तीर्थक्षेत्री प्रत्येक जातीची धर्मशाळा आहे, आपली का नको? इथे मी अर्धा सहमत आहे. पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तिची गरज होती, कारण बाकीची दारं बंद होती. पण जातीची पाटी लावून आपणही एक धर्मशाळा वाढवली तर काउंटरवरच्या माणसाला आयतं उत्तर मिळेल, "तुमची तिकडे आहे ना, तिकडे जा."

आपल्याकडे याहून जुना आणि मोठा वारसा आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधल्याची नोंद त्यात आहे. यातलं गोवर्धन आपल्या नाशिकजवळचं. उषवदात काही आपला आदर्श नव्हे, ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचंही तोच अभिमानाने कोरतो. पण लेणं खोदणाऱ्या त्या काळात वाटसरूला छप्पर देणं हे पुण्याचं काम होतं. आज आपली विहारं काय करतात? १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि वर्षावास सोडला तर कित्येक विहारांना कुलूप असतं. किल्ली अध्यक्षांच्या घरी आणि अध्यक्ष पुण्याला! त्या रात्री आम्ही ज्या गावात होतो तिथेही विहार होतं. कुणाचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. हा दोष लॉजवाल्याचा नाही, आपला आहे. प्रत्येक तालुक्याच्या विहारात चार गाद्या, एक संडास आणि दारावर एक फोन नंबर एवढं झालं तरी भरतीच्या पोरांना बाकड्यावर झोपावं लागणार नाही. आणि ते दार येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडं असेल, आडनाव न विचारता.

पण विहारात गाद्या टाकल्या म्हणून लॉजवाला सुटत नाही. ही लढाई हक्काची आहे आणि तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरींसोबत धर्मशाळांचंही नाव होतं. आपण त्या ठरावातलं पाणी लक्षात ठेवलं, कारण १९२७ साली महाड घडलं. धर्मशाळा मात्र विसरलो. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहांबरोबर हॉटेलंही स्पष्ट लिहिलेली आहेत. १९५५ चा अस्पृश्यता कायदा, म्हणजे १९७६ पासूनचा नागरी हक्क संरक्षण कायदा, 'हॉटेल' या शब्दाच्या व्याख्येतच लॉजिंग-बोर्डिंग घेतो. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. आणि पुरावा विचारणाऱ्यांसाठी त्यातलं कलम १२ आहे. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. म्हणजे रूम नाकारली गेली हे आपण सिद्ध केलं, तर लग्नाची पार्टी कुठे होती हे त्याने सांगायचं. ज्या रजिस्टरने आपल्याला बाहेर काढलं तेच त्याच्याविरुद्ध पुरावा होतं. १९९० पासून अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे, त्यामुळे "तुम्ही तर बौद्ध" ही पळवाटही बंद आहे.

अमेरिकेत काळ्या प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका १९३६ पासून निघत असे, कोणत्या गावात कुठे जागा मिळेल ते सांगणारी. १९६४ ला नागरी हक्क कायदा आला. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात एकमताने हरला. पुढे काही वर्षांत ग्रीन बुक बंद पडलं. आपला कायदा त्यांच्या नऊ वर्षं आधीचा. तरी आपलं ग्रीन बुक अजून चालू आहे, फक्त तोंडी. "तिथे उतरू नका, पुढच्या चौकात आपल्या ओळखीचा आहे." हा सल्ला तुम्हीही कुणाला तरी दिला असेल. मीही दिलाय.

म्हणून लॉज नाकारला तर एवढं करा. फोन केल्याची नोंद, बुकिंगचा मेसेज जपून ठेवा. वेळ लिहून ठेवा. "रूम नाही" हे सोबतच्या साक्षीदारासमोर पुन्हा वदवून घ्या. तिथूनच दुसऱ्या आडनावाच्या मित्राला फोन करायला लावा आणि त्याला काय उत्तर मिळतं ते रेकॉर्ड करा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, प्रत नागरी हक्क संरक्षण विभागाला पाठवा.

यातलं त्या रात्री मी काहीच केलं नाही. एमए समाजशास्त्र, दहा वर्षं चळवळीत, कलमं पाठ. तरी पोरांचा पेपर बुडेल म्हणून गप्प बसलो. पेपर झाल्यावर जाता आलं असतं, तेही गेलो नाही. बसमध्ये धाकट्याने पुन्हा विचारलं, "फुल्लच असेल ना दादा?" आणि मी "असेल" म्हणालो. ते खोटं मी त्याला सांगितलं, लॉजवाल्याने नाही.

त्या पोराला आणि रविवारी माना डोलावणाऱ्या सगळ्यांना आज खरं सांगतो. रूम फुल्ल नव्हती. किल्ल्या सात होत्या.

जयभीम! नमो बुद्धाय!