नाव आपलं, पण सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर जवळपास वर्षभर ऑनलाइन रमीची जाहिरात झळकत होती. चूक वाचनालयाची नव्हती, माझी होती. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

२०१४ साली ती वेबसाइट मीच हौसेने करून दिली. डॉट कॉमवालं नाव घेतलं ते माझ्या कार्डावर आणि माझ्या तेव्हाच्या ऑफिसच्या ईमेलवर. पुढे नोकरी बदलली, तो ईमेल बंद झाला, कार्डही बदललं. नियमाप्रमाणे नोंदणी कंपनीला किमान तीन सूचना पाठवाव्या लागतात: महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत. त्या गेल्याही असतील, पण वाचणारं कुणी नव्हतं. एके दिवशी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "अहो, आपल्या साइटवर हे काय दिसतंय? एका पालकांनी मोबाइल पुढे धरला, मला मान वर करता येईना."

तोवर नाव हातचं गेलं होतं.

आपल्याला वाटतं, डोमेन आपण विकत घेतलं. तसं नसतं. तो भाडेपट्टा आहे, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर कंपनी ४५ दिवसांपर्यंत थांबू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळं होतं आणि जो पहिला पोचेल त्याचं होतं.

हा 'पहिला' म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. इथे बॅकऑर्डर येते. एखाद्या सेवेकडे आधीच सांगून ठेवायचं की अमुक नाव सुटलं की माझ्यासाठी पकडा. नाव सुटल्याबरोबर त्यांची यंत्रं क्षणार्धात झडप घालतात. एकाच नावासाठी दोघातिघांनी सांगून ठेवलं असेल तर लिलाव. कित्येक कंपन्या तर नाव सुटायचीही वाट पाहत नाहीत. सुरुवातीच्या सवलतीच्या काळातच त्याचा लिलाव लावतात, आणि मालक वेळेत आला नाही तर नाव थेट जिंकणाऱ्याकडे. त्यामुळे 'अजून अडीच महिने आहेत की' या भरवशावर राहू नका.

वाचनालयाचं नाव रमीवाल्याला कशाला हवं? जुन्या नावाला पत असते. वर्तमानपत्रांनी, शाळांनी, इतर संस्थांनी त्याचे दुवे दिलेले असतात. लोक सवयीने तिथे येतात. ती पत आयती मिळते.

चरफडून झाल्यावर मीही तीच बॅकऑर्डर लावली आणि वाट पाहिली. वर्षाने त्या माणसाने नाव सोडलं, दुसरा कुणी बोलीला आला नाही, आणि ते मला मिळालं. वेळेवर नूतनीकरण केलं असतं तर लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे गेले, पण नाव परत आलं.

खरा घाम फुटला तो नंतर. मी त्या नावावरचा ईमेल पुन्हा सुरू केला. पहिल्याच आठवड्यात देणगीची पावती मागणारं पत्र आलं, पुस्तक विक्रेत्याचं बिल आलं. वाचनालयाच्या यूट्यूब खात्यावर मी 'पासवर्ड विसरलो' दाबून पाहिलं, तर सुटकेची चावी याच पत्त्यावर आली. म्हणजे वर्षभर हे सगळं तो दुसरा माणूसही करू शकत होता. नाव ज्याचं, टपाल त्याचं.

काही मित्र म्हणतात, बॅकऑर्डरवर बंदीच घाला. मला नाही पटत. ती नसती तर सुटलेली नावं फक्त मोठी यंत्रं असलेल्यांनाच मिळाली असती, मी रांगेत उभाही राहू शकलो नसतो. दार उघडं टाकून चोराला शिव्या देण्यात अर्थ नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचं पासपोर्ट डॉट कॉम हे नाव पैसे न भरल्याने लटकलं, हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना, आणि एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सोडवलं. त्यांचं असं होतं, तर आपल्या पतसंस्थेचं काय!

आता मुद्द्याचं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या नावावर जायला सांगितलं. निर्णय उत्तम, कारण ते नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पण जुन्या नावांचं काय? पासबुकावर, चेकबुकावर, ग्राहकांच्या फोनमध्ये अजून तीच आहेत. एखाद्या सहकारी बँकेत कुणीतरी म्हणणारच, 'आता जुन्याचं काय काम, वर्षाचे हजारभर रुपये वाचवू.' कृपा करून वाचवू नका. ते नाव सुटायची वाट बघत कुणीतरी बॅकऑर्डर लावून बसलेला असू शकतो, आणि त्याला रमी खेळवायची नसेल, तुमच्या ठेवीदारांचे पासवर्ड हवे असतील.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जमिनीचा सातबारा बघता तसं डोमेन बघा. ते संस्थेच्या नावावर हवं, वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नाही. ईमेल त्याच डोमेनवरचा नको, वेगळा आणि दोघांना उघडता येणारा हवा. मुदत एकदम काही वर्षांची भरा. आणि बँक असो, शाळा असो, पतसंस्था असो, येत्या वार्षिक सभेत हात वर करून एकच विचारा: आपल्या नावाची मुदत कधी संपते? उत्तर आलं नाही, तर समजून जा.

आमच्या वाचनालयाचं नाव आता संस्थेकडे आहे, १० वर्षांसाठी. मॅडमनी मुदतीची तारीख दप्तराच्या वहीत पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलीय. माझ्या ईमेलपेक्षा माझा त्या वहीवर जास्त विश्वास आहे.