गोळीकडे नको, गल्ल्याकडे बघा

आमच्या अमळनेरात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथे अभ्यासक येऊन राहायचे, वेदान्तावर वाद घालायचे. त्या वादाची आपल्याकडे जुनी रीत आहे: आधी समोरच्याचं म्हणणं त्यालाही पटेल असं मांडायचं आणि मगच खोडायचं. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. वीस वर्षं, आधी संगणकावर आणि आता मोबाइलवर, नेमबाजीचे खेळ खेळणारा माणूस आहे. तरी ती रीत मला इथे पाळायची आहे, कारण पबजी आणि त्याच्या भावंडांचा विषय निघाला की आपल्याकडे कोणी कोणाचं पुरतं ऐकून घेत नाही. आईबाप नाही आणि पोरंही नाहीत.

पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, असा. पोरगं बारावीला आहे, रात्री दोनपर्यंत कानात हेडफोन घालून गच्चीवर ओरडत बसतं, जेवायला हाक मारली तर खेकसतं. दिवसभर माणसं मारायचा खेळ खेळतं, उद्या खरंच कोणाच्या अंगावर धावून गेलं तर? तेव्हा हे खेळच बंद करा. असं म्हणणारे माझे काका आहेत, शेजारी आहेत, आणि त्यांची काळजी खरी आहे. झोपेचं खोबरं होतं, अभ्यास मागे पडतो, हे मीही पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. मात्र तिथली अट कडक आहे. घर, शाळा, नाती विस्कटावीत इतका त्रास हवा, आणि तोही साधारण वर्षभर. परीक्षा संपल्यावर आठ दिवस खेळत बसलेलं पोरगं त्यात बसत नाही.

आता खंडन. गोळ्या झाडायच्या खेळानं पोरं हिंसक होतात, हा या पूर्वपक्षाचा मुख्य खांब. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास छापला. मुलं चौदा-पंधरा वर्षांची होती, आणि त्यांच्या वागण्याबद्दल घरच्या मोठ्यांनाही विचारलं होतं. हिंसक खेळ आणि मुलांचा आक्रमकपणा यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. दुसरा खांब बंदीचा. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळतात म्हणून दहा तरुणांना पकडलं. पुढे २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होतं. आमच्याकडे अनेकांना अजून वाटतं की सरकारनं ते मारामारीमुळे बंद केलं. कारण दिलं होतं ते देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या खासगी माहितीचं. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲपच्या दुकानातून उतरवला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या उलथापालथीत गावातलं एक पोरगं लवकर झोपायला लागलं असं मला दिसलं नाही. एक बंद झालं की पोरं दुसऱ्यावर गेली, आणि परतलेल्या खेळात रक्ताचा रंग लाल होता तो हिरवा झाला.

पोरांना या खेळात नेमकं काय मिळतं ते मला ठाऊक आहे. आमच्या गावात एक सायबर कॅफे होता. आठ संगणक, फुगीर काचेचे पडदे, तासाचे वीस रुपये. तिथे आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो. १९९९ मध्ये दोन हौशी तरुणांनी हाफ-लाइफ या खेळावर बेतून केलेला हा खेळ. आमचा नकाशा एकच, डस्ट टू. चार जण इकडे, चार जण तिकडे, आणि ओरडणं सगळ्यांचं एकत्र, कारण समोरचा शत्रू म्हणजे पाठीमागच्या खुर्चीवरचा मित्र. भारनियमनाचे दिवस होते. ऐन बॉम्ब लावताना वीज जायची, यूपीएस टिवटिव करायला लागायचा, आणि मालक पडदे विझण्याआधी वही उघडायचा. प्रत्येकाच्या नावापुढे उरलेली मिनिटं लिहायचा. बारा, सतरा, नऊ. वीज आली की, नाहीतर दुसऱ्या दिवशी, ती मिनिटं आम्हाला मिळायची. पैसे घेतले तेवढा खेळ द्यायचा, एवढा सरळ व्यवहार.

आज या धंद्यात बिघडलंय ते याच ठिकाणी. गोळी होती तशीच आहे. बदलला तो गल्ला.

त्याच काउंटर-स्ट्राइकच्या पुढच्या आवृत्तीत ऑगस्ट २०१३ मध्ये पेट्या आल्या. पेटी खेळता खेळता मिळते, चावी विकत घ्यावी लागते. आत बंदुकीवर चढवायचा रंग. कोणता निघेल ते नशिबावर. त्या रंगानं नेम सुधारत नाही. पुढे धंद्यातल्या पुष्कळांनी हीच वाट धरली: खेळ फुकट, पण आत चकचकीत दुकान, हंगामाचा पास, घड्याळ लावलेली सवलत. सुरतेला, पुण्याला, अमळनेरला पोरं खेळतात ते मैदान आता या दुकानाच्या अंगणात आहे.

माझा भाचा नववीत आहे, मारवड गावी राहतो. गेल्या दिवाळीत ताईचा फोन आला की दाजींच्या खात्यातून नऊ हजार चारशे रुपये गेलेत, कापूस विकून आलेले. मी गेलो, ओट्यावर त्याच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, दाखव मला. त्यानं एक पेटी उघडली. पेटी आधी थरथरते, फटीतून जांभळा उजेड येतो, चित्रांची पट्टी सरसर धावते, मंदावते, सोनेरी पोशाख अगदी समोर येतो आणि पट्टी एक घर पुढे सरकून थांबते. निघालं काय, तर एक टोपी. पोराचा अंगठा आपोआप "आणखी एक"वर गेला. मी हात धरला. पैसे कुठे गेले विचारलं तर रडवेला होऊन म्हणाला, "मामा, मी पैसे नाही उडवले, कॉइन उडवले." तो खोटं बोलत नव्हता. रुपयाचं आधी नाणं करायचं, नाणी अशा हिशेबानं विकायची की चार-पाच कायम उरावीत, आणि त्या उरलेल्यांसाठी माणसानं परत यावं. नववीतल्या पोराला यात रुपया दिसत नाही, आणि दिसू नये अशीच ती रचना आहे. दाजी त्याला मारायला उठले होते. पण मोठ्या शहाण्या माणसांनी बसून हे जाळं विणलंय, आणि मार एकट्या पोरानं का खायचा?

आता माझ्याच बाजूच्या लोकांचं खंडन करतो, कारण खेळणाऱ्यांचाही एक लाडका मुद्दा आहे: खेळ फुकट आहे, कोणी जबरदस्ती करत नाही, ज्याला घ्यायचं तो घेईल. मोठ्या माणसाबद्दल मी हे मान्य करीन. पोराबद्दल नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगानं एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवलं, काउंटर-स्ट्राइकच्या पेट्यांसकट. दक्षिण कोरियानं मार्च २०२४ पासून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे सांगणं कायद्यानं सक्तीचं केलं. आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. रमीत घरदार घालवणाऱ्यांसाठी हे पाऊल हवंच होतं, मी त्याचं स्वागत करतो. पण नशिबाच्या पेटीचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. भाच्याच्या हातातली पेटी तशीच राहिली.

आणि विकलेला खेळ तरी टिकतो का? कॉनकॉर्ड नावाचा नेमबाजीचा मोठा खेळ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. लोकांना पैसे परत मिळाले, हे न्यायानं सांगतो. पण द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा खेळ. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्यांच्या हाती काही उरलं नाही. विकलेला खेळ असा हिरावू नका, या मागणीवर युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. आमच्या कॅफेवाल्याच्या वहीत जे होतं तेच ते मागत होते, उरलेली मिनिटं.

मंडन, म्हणजे माझी स्वतःची बाजू, थोडक्यात करता येणार नाही, कारण मी या खेळांवर प्रेम करतो. शनिवारी रात्री आमच्या गल्लीतल्या गच्चीवर चार जणांची टोळी जमते. दोघं इथे, एक सुरतेला कामाला, एक पुण्यात शिकायला. खेळ कोरियन कंपनीचा, नकाशा परदेशी, आणि कानात अहिराणी: "दगडना मांगे से, दगडना मांगे!" "माले उचल ना भो!" सुरतेला बारा तास यंत्रावर उभं राहिलेल्या पोराला गावची बोली ऐकायला मिळते ती या वेळी. चौघांत जखमेची पट्टी एकाकडे असते, घायाळ दुसरा असतो, आणि ती द्यायला धावायचं की जीव वाचवायचा हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं. कबड्डीत जे शिकतो तेच पोरगं इथे शिकतं. ज्याला हे नुसतं माणसं मारणं वाटतं त्यानं एकदा त्या गच्चीवर बसून ऐकावं.

असे खेळ आता आपल्याकडेही घडतात, याचाही मला आनंद आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं २०२० मध्ये राजी हा खेळ केला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस हा नेमबाजीचा खेळ आणला. १९४५ मध्ये याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढणाऱ्या कंपनीची पुढे विप्रो झाली, तेव्हा संगणकाचा धंदा आपला नव्हे असं खानदेशानं तरी म्हणू नये. पण देशी म्हणून मी डोळे मिटणार नाही. दुकान देशी खेळातही असतं, आणि माझी मागणी देशी-परदेशी दोघांना सारखीच आहे. अठरा वर्षांखालच्या पोरांना नशिबाची पेटी विकू नका. वस्तूची किंमत नाण्यांत नको, रुपयांत आणि मराठीत दाखवा. विकलेला खेळ बंद करायचा असेल तर तो आपापल्या यंत्रावर चालवायची वाट देऊन जा. आणि नगरपालिकेनं व्यायामशाळेसारखी एक खोली द्यावी, आठ संगणकांची, जिथे पोरं एकमेकांच्या शेजारी बसून खेळतील.

मारवडला त्या दिवशी मी दाजींच्या फोनमध्ये खरेदीला कुलूप लावलं आणि पासवर्ड त्यांनाच टाकायला लावला. मग म्हटलं, दाजी, एक डाव खेळून बघा. भाचा बिचकत त्यांच्या मागे उभा राहिला. पळायचं कसं, वाकायचं कसं, कान देऊन पावलं कशी ओळखायची, हे बापाला सांगायला लागला. दाजी तिसऱ्या मिनिटाला एका कोठाराच्या दारात पडले. क्षणभर पडद्याकडे बघत राहिले, मग फोन त्याच्याकडे न देता म्हणाले, "मागून आला ना तो? परत लाव."