डाव्या सीटवरचा माणूस

जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. मुख्य राग ई-चलनाच्या दंडांवर होता. मागण्यांच्या यादीत आणखी एक मागणी होती: अवजड वाहनावर क्लीनर ठेवण्याची सक्ती काढा. दंडावर वाहिन्यांनी रात्रीच्या रात्री चर्चा घडवल्या, क्लीनरबद्दल फारसे कोणी बोलले नाही. मालकांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पोरे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. नव्या गाडीला कॅमेरा आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, मग जास्तीचा भत्ता कशाला? सक्ती काढायला माझी हरकत नाही. पण लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर आपल्याकडे आजवर क्लीनरच्या त्या डाव्या सीटवरच तयार होत आला. ती शाळा बंद करताना दुसरी कुठे उघडली, हे मात्र कोणी विचारलेले नाही.

कागदावरची रीत सोपी आहे. वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन वर्ष झालेले, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि आरटीओची चाचणी. आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 मध्ये काढली. ते बरेच झाले. आठवीच्या गुणपत्रिकेने आजवर कुणाला घाट उतरता आलेला नाही. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या रिकाम्या, खिळखिळ्या ट्रकवर महिनाभर हात फिरवलेला मुलगा परवाना मिळताच भरलेली गाडी घेऊन नाशिकहून कोचीला निघू शकतो. एकटा. मध्ये पाऊस आहे, रात्र आहे, घाट आहेत.

क्लीनर म्हणजे काच पुसणारा पोरगा, एवढेच बाहेरच्याला दिसते. खरे तर तो उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, हाताखालचा उमेदवार असायचा. ढाब्यावर गाडी थांबली की पहिल्यांदा उतरणार तो. हातात लोखंडी टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत गाडीभोवती फेरी. हवा नीट असलेला टायर टणकन वाजतो, बसलेला बद्द वाजतो. जोडचाकातला आतला टायर नजरेला नीट दिसत नाही, म्हणून तो कानानेच ओळखायचा. मग प्रत्येक चाकाजवळ पंजा नेऊन धग घ्यायची. एकाच चाकाची धग जास्त लागली तर त्याचा ब्रेक धरून राहिलाय असे समजायचे. रस्सा सैल पडलाय का, स्प्रिंगच्या पाट्याचे पान तुटलेय का, तेही त्याच फेरीत. गाडी मागे घेताना ‘आने दो, आने दो’, आणि पत्र्यावर थाप पडली की जागच्या जागी थांब. पहाटे तीनच्या सुमाराला उस्तादाची मान डुलायला लागली की त्याला बोलते ठेवायचे, हेही कामच होते. अशी काही वर्षे गेल्यावर कधीतरी रिकाम्या गाडीचे स्टिअरिंग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हाती यायचे. घाट त्यानंतर कितीतरी उशिरा.

या शाळेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. चौदा-पंधराची पोरे, पगार नावापुरता, शिव्या मात्र पोटभर, आणि पावसाळ्यात झोप गाडीखाली. परवाना नसलेल्याच्या हाती स्टिअरिंग देणे बेकायदाच होते. शिवाय उस्ताद सांगेल ते सगळे बरोबर असेही नव्हते. ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतर, हे शहाणपण त्याने दिले. उतार आला की न्यूट्रल मारून गाडी सोडायची विद्याही त्याचीच.

ती विद्या काय करते हे पुणेकरांनी पाहिले आहे. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत काही किलोमीटर उतार आहे. तो घाट वाटत नाही, हीच त्यातली मेख. बोरघाटात नवखाही बिचकून गियर खाली आणतो. इथे रस्ता रुंद, दोन्ही अंगांना इमारती, दुकानांच्या पाट्या. रात्रभर गाडी हाणत परराज्यातून आलेल्या माणसाला शहर आले एवढेच कळते, उतार कळत नाही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने इथे डझनावारी गाड्या चेपल्या. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केले होते, असे त्या वेळी तपासातून पुढे आले. मग वेगमर्यादा आली, रम्बलर आले, कॅमेरे आले. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच भागात आणखी एक कंटेनर अनावर झाला, गाड्या पेटल्या, माणसे गेली.

गियर काढला की इंजिनाची ओढ संपते आणि तीस-चाळीस टनांचे ओझे एकट्या ब्रेकवर येते. पाय पेडलवर दाबलेलाच राहतो, ड्रम आणि लायनर तापतात, आणि तापले की त्यांची पकड जाते. ब्रेकची हवा आहे, पेडल आहे, गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबलेला आणि स्टिअरिंग जड झालेले. मग बातमीत ‘ब्रेक फेल’ येते आणि वाचणाऱ्याला वाटते, यंत्राने दगा दिला.

तरीही तो न्यूट्रल का मारतो? त्यामागे हिशेब असतो. बऱ्याच ठिकाणी फेरीचा खर्च ठरवूनच हातात देतात: इतके डिझेल, इतका टोल, इतका भत्ता, वाचेल ते ड्रायव्हरचे. किंवा ॲव्हरेज बांधून दिलेले असते आणि ते कमी पडले की पगारातून कापतात. त्याच्या लेखी उतार म्हणजे फुकटचे किलोमीटर. गंमत अशी की हा हिशेबही आता शिळा झाला आहे. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की डिझेलचा पुरवठाच तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धडधडत ठेवायला डिझेल जळतच राहते. जुन्या उस्तादाला हे माहीत नव्हते, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना सांगायची गरज वाटत नाही, आणि मालकाला महिनाअखेरीचा आकडा पाहायचा असतो.

नवखेपणाची दुसरी बाजू याहून अवघड आहे. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा 2025 मध्ये रद्द होईपर्यंत दिवसाला आठ तासांचे काम सांगत होता; लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर दहा. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या 2020 च्या पाहणीत ट्रकचालक सरासरी बारा तास गाडी चालवतात असे दिसले, आणि झोप किंवा थकवा असतानाही चालवतो असे जवळजवळ निम्म्यांनी सांगितले. यात मुरलेला ड्रायव्हर काय करतो? पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावतो, मालकाचा फोन आला तर “गाडी गरम झालीय शेठ, तासभर लागेल” असे ठोकून देतो आणि आडवा होतो. नव्या पोराला हे खोटे बोलता येत नाही. गाडी थांबलेली जीपीएसवर दिसते, फोन वाजतो, “का उभी केली?” आणि तो “निघालोच शेठ” म्हणून चावी फिरवतो. नाही म्हणता येणे हेही या धंद्यातले कसब आहे. ते येईपर्यंत काही जण राहत नाहीत. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे उत्तमच. पण गार केबिनमध्येही डोळा लागतोच.

नवख्याला घडवून मगच गाडी हाती देणे सरकारला जमत नाही असे नाही. एसटीत चालक व्हायचे तर अवजड वाहनाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि निवड झाल्यावर महामंडळ स्वतःचे प्रशिक्षण देऊनच गाडी हाती देते. धोकादायक रसायने किंवा गॅस वाहणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचा वेगळा वर्ग करावा लागतो, परवान्यावर तशी नोंद लागते. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यावर व्यावसायिक गाडी न्यायची तर परवान्यावर डोंगराची वेगळी नोंद असते. सह्याद्री ओलांडल्याशिवाय कोकणातला माल देशावर येत नाही, अशा राज्यात घाटाची अशी नोंद का नसावी? बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबा, फोंडा: भरलेली गाडी अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली यातून उतरवून दाखव, मग शिक्का. तोवर एकट्याने घाट नाही.

आणि क्लीनरची सक्ती काढायची असेल तर त्याच कलमात डाव्या सीटसाठी दुसरा माणूस लिहा: अठरा वर्षांवरचा, हलक्या वाहनाचा परवाना असलेला, किमान वेतन घेणारा उमेदवार, ज्याच्या किलोमीटरची आणि घाटांची वही आरटीओ तपासेल. अशा गाडीच्या विम्याचा हप्ता थोडा कमी करा म्हणजे मालकही ऐकेल. दोन ड्रायव्हरांच्या गाडीवर ही सीट भरलेलीच असते, तिथे प्रश्न मिटला.

यावर मालक म्हणतील की भाड्यात हे बसत नाही, आणि ते खोटे नाही. चार-पाच गाड्यांचा मालक भाडे ठरवत नसतो, ते माल पाठवणारी मोठी कंपनी आणि मधला दलाल ठरवतात. उशीर झाला की कापायची रक्कमही तेच ठरवतात. त्याच कंपनीच्या गेटवर गाडीचा फिटनेस, विमा, पीयूसी, ताडपत्रीची भोके, सगळे तपासून मगच गाडी आत सोडतात. ड्रायव्हर हा रस्ता आधी कधी उतरलाय का आणि काल किती झोपला, एवढे दोन प्रश्न त्या फॉर्मवर छापायला सरकारी अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. पहिले उत्तर ‘नाही’ आले तर दुसरा माणूस सोबत द्यायचा, आणि त्याचे पैसे भाड्यात धरायचे. सांडलेला माल आणि जळालेला ट्रक यांच्यापुढे ती रक्कम किती, हे त्या कंपनीच्या हिशेबनीसाला माझ्यापेक्षा चांगले मांडता येईल.