आबांनी माळ खुंटीला टांगली तेव्हा

आमचा भाग पंढरपूरच्या वाटेवरचा. इथे ‘मन उदास झालंय’ असे डॉक्टरला कोणी सांगत नाही. अशक्तपणा आहे, अंग मोडून येते, जेवण जात नाही, छातीत धडधडते, असे सांगतात. मग आम्ही डॉक्टर मंडळी सलाईन लावतो, ताकदीची इंजेक्शने देतो, रोग्याला चार दिवस बरे वाटते आणि पंधरा दिवसांनी तो परत दारात उभा राहतो. हे इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मीच केले आहे, आणि ज्यांच्या बाबतीत केले त्या आबांची हकिगत, त्यांच्या परवानगीने व ओळख पटणार नाही एवढा फेरफार करून, आज वाचकांपुढे ठेवतो.

आबांचे वय साठीच्या जरा अलीकडचे. चार एकर रान, दोन म्हशी, घरात तीन पिढ्यांची वारी. गेल्या वर्षी आषाढीला ते गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले, घरच्यांनी मानले. नंतर संध्याकाळच्या हरिपाठाला जाणे थांबले. भाद्रपदात माझ्याकडे आले ते अशक्तपणाची तक्रार घेऊन. वजन चार किलो घटले होते. रक्त, साखर, थायरॉईड, छातीचा फोटो, सगळे पाहिले, काही निघाले नाही. मी इंजेक्शन दिले आणि वर शहाणपणाने म्हणालो, “आबा, चिंता करू नका. नामस्मरण करा, मन रमवा.” ते “बरं” म्हणाले. दोन महिन्यांत चार वेळा आले आणि चारही वेळा हेच झाले.

कोजागरीनंतर गावात काकडा सुरू झाला. आबा पहाटे तीनलाच उठून बसू लागले. घरच्यांना बरे वाटले, आबा पुन्हा देवाला लागले म्हणून. पण ते देवळात जातच नव्हते, ओसरीवर अंधारात नुसते बसून राहत. नैराश्यात झोप अशीच अवेळी, फार पहाटे उघडते आणि अनेकांना तीच वेळ सर्वांत जड जाते. हे मी विद्यार्थीदशेत पाठ केले होते. पण आबांना झोपेबद्दल मी कधी नीट विचारलेच नव्हते.

कार्तिकात एके दिवशी त्यांची मंडळी एकटीच आली. “डॉक्टर, इंजेक्शनाचं राहू द्या. ह्यांनी माळ काढून खुंटीला टांगलीय.” वारकऱ्याने गळ्यातली माळ उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आबांना बोलावून घेतले. कंपाउंडरला बाहेर बसवले, दार लोटले आणि प्रथमच त्यांना अर्धा तास दिला. ते म्हणाले, “नाव घ्यायला बसलो की जीभच उचलत नाही, डॉक्टर. येवढी वर्षं चाललो, पर आतून कोरडाच व्हतो जणू. पांडुरंगानं वळखलं मला. मग खोटी माळ कशापायी घालायची?”

आणि या माणसाला मी दोन महिने ‘नामस्मरण करा’ म्हणत होतो! पाय मोडलेल्याला ‘पळा, म्हणजे हाड जुळेल’ म्हणण्यातलाच प्रकार. आबा घरी जाऊन प्रयत्न करीत, जमत नसे, आणि आपण पापी असल्याचा आणखी एक पुरावा त्यांच्या हाती लागे. तो पुरावा मी पुरवीत होतो. विनाकारण अपराधी वाटणे हे या आजाराचे एक ठळक लक्षण आहे. ज्याच्या आयुष्यात देव आहे, त्याचे हे अपराधीपण देवाच्याच भाषेत बोलते. ऐकणाऱ्याला वाटते की याची श्रद्धा डळमळली. वास्तविक, आजार श्रद्धेचे कपडे घालून आलेला असतो.

मी त्यांना सरळ विचारले, “आबा, जीव नकोसा होतो का? स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटतं का?” बराच वेळ ते बोलले नाहीत. मग मान हलवली. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाच्या छातीवरचे ओझे थोडे उतरते. त्यांच्या मुलाला लगेच बोलावून घेतले, फवारणीची औषधे त्याच संध्याकाळी घरातून हलवायला लावली, आबांना रात्री एकटे ठेवायचे नाही असे बजावले आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांकडे धाडले. गोळ्या सुरू झाल्या. त्या मुलाने आपल्या ताब्यात ठेवायच्या, हेही ठरले.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्याचा हिशेब असा की, आपल्या देशात विसांतल्या एका माणसाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याने गाठलेले असते, आणि त्यांतले बहुतेक उपचाराविनाच राहतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न आहे किंवा कशातच गोडी उरलेली नाही, सोबत झोप, भूक, उमेद गेली आहे, तर ते दुखणे समजावे आणि डॉक्टरला तसे स्पष्ट सांगावे. डॉक्टर सलाईनकडे वळलाच, तर त्याला थांबवावे.

आता श्रद्धेविषयी. माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतात, देवाचे करा, गोळ्यांचे खूळ नको. दुसरी, बहुधा शहरात शिकून आलेली मुले, म्हणतात, गोळ्या घ्या आणि टाळ कुटणे बंद करा. मला दोघांचेही पटत नाही. पहिल्यांशी मी गीतेच्या आधाराने भांडतो. गीतेचा पहिला अध्यायच मुळी अर्जुनाच्या विषादाचा आहे. (अर्जुनाला नैराश्याचा आजार होता असे माझे म्हणणे नाही.) दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी त्याला आधी खडसावूनच पाहिले, हे भलतेच काय सुचले, ऊठ म्हणाले. अर्जुन उठला नाही, लढणार नाही म्हणून गप्प बसला. मग पुढे इतके अध्याय बसून बोलावे लागले. जिथे भगवंतांच्या एका खडसावण्याने भागले नाही, तिथे ‘मन घट्ट कर’ या आपल्या एका वाक्याने घरातले माणूस उभे राहील, हे आपण कसे धरून चालतो?

दुसऱ्या मंडळींना मी गोव्याचे उदाहरण देतो. तिथे ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, जे डॉक्टर नव्हते, सहा ते आठ भेटी दिल्या. त्या भेटींत भर कशावर, तर सुटलेली रोजची कामे आणि माणसांत मिसळणे थोडे थोडे पुन्हा धरण्यावर. तीन महिन्यांनी या गटातले शंभरांपैकी ६४ जण सावरलेले होते, दुसऱ्या गटात ३९. आपण मन ठीक झाले की उठू म्हणतो. या उपचाराची रीत उलटी. आधी उठायचे, मन मागून येते.

म्हणूनच काकडा, हरिपाठ, गुरुवारची आरती, चर्चमधली प्रार्थना, पाच वेळची नमाज यांकडे मी डॉक्टर म्हणून आदराने पाहतो. त्यांना ठरलेली वेळ आहे, जागा आहे, चार माणसे आहेत. आपण गेलो नाही तर कोणी तरी विचारते. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने डेअरीत दूध घालायला स्वतः जावे, वाचनालय गाठावे. माझी तक्रार नाही.

आबांना मी नाम घ्यायला सांगितलेच नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्याआधी मळमळ होऊन अनेक जण त्या सोडून देतात, म्हणून ते दिवस काढणे महत्त्वाचे होते. ठरवले ते एवढेच. उजाडल्यावर अंथरुणात राहायचे नाही, तोंड धुऊन म्हशींना पाणी दाखवायचे. संध्याकाळी मुलाबरोबर देवळात जाऊन खांबाला टेकून दहा मिनिटे बसायचे, म्हणायचे काही नाही. पहिल्या आठवड्यात तीनच दिवस जमले. पाचव्या आठवड्यात कोणी तरी त्यांच्या हातात टाळ दिला तो त्यांनी धरला. वाजवला की नाही, मी विचारले नाही. मध्ये एकादशीला त्यांनी उपास म्हणून गोळी चुकवली होती. गोळीने उपास मोडत नाही, हे मला त्यांच्या दिंडीच्या विणेकऱ्यांकडून वदवून घ्यावे लागले. माझ्यापेक्षा त्यांचे वजन जास्त!

फाल्गुनात आबांना बरे वाटू लागले आणि लगेच गोळ्या बंद करण्याची भाषा सुरू झाली. इथेच पुष्कळ घरांत घसरते. बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि त्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायच्या असतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची तपासणी होते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. पहाटे तीनला ओसरीवर बसणाऱ्यांसाठी हा क्रमांक लिहून ठेवा.

यंदा आषाढीला आबा सगळी वाट चालले नाहीत. मुलाने त्यांना वाखरीपर्यंत गाडीने सोडले आणि तिथून पुढे ते दिंडीबरोबर पायी गेले. परवा तपासणीला आले तेव्हा गळ्यात माळ होती. मी त्याबद्दल काही बोललो नाही, वजन केले, तीन किलो वाढले होते. वारीत गोळ्या चुकल्या तर नाहीत ना, एवढे विचारले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवले आणि रिकामी घरे मला मोजून दाखवली.