चितळकरांचं हवाई

‘लाउंज’, ‘रेट्रो’, ‘एक्झॉटिका’ हे शब्द हल्ली मराठी लेखांतही सर्रास येतात आणि त्यांच्या मागोमाग एक मिस्कील हसू येतं. बोंगो, व्हायब्राफोन, पक्ष्यांचे नकली आवाज, झावळ्यांचे घागरे. काय तो भाबडा जमाना! माझा आक्षेप या हसण्याला आहे.

लेस बॅक्स्टरचं ‘रिच्युअल ऑफ द सॅव्हेज’ 1951 चं, मार्टिन डेनीचं ‘एक्झॉटिका’ 1957 चं. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात अशा कलाकृतींवर एकच शिक्का मारायला शिकवतात: गोऱ्या माणसाने दिवाणखान्यात बसून पाहिलेलं पूर्वेचं स्वप्न. पण त्याच 1951 साली मुंबईत ‘अलबेला’ आला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘शोला जो भडके’ केलं आणि लताबाईंबरोबर स्वतः गायलं. पडद्यावर गिरणीकामगार राहिलेले आपले भगवानदादा हवाईयन थाटात गीता बालीबरोबर नाचले. यात गोरा माणूस कुठे आहे? हवाई ना त्यांच्या मालकीचं, ना आपल्या. परकं रचण्याची हौस साहेबाचीच मक्तेदारी आहे, असं समजणं हाही साहेबाला दिलेला मोठेपणाच.

उलटा प्रकारही झालाच. अमेरिकेत 1949 पासून दूरचित्रवाणीवर फेटा बांधून, एक शब्द न बोलता ऑर्गन वाजवणारा कोर्ला पंडित स्वतःला दिल्लीच्या ब्राह्मणाचा मुलगा म्हणवायचा. तो मिसुरीतला कृष्णवर्णीय जॉन रेड होता, हे जगाला त्याच्या मृत्यूनंतर कळलं. त्या फेट्याने त्याला असं दार उघडून दिलं, जे खऱ्या नावाला उघडलं नसतं. हसायचं असेल तर यावर हसून दाखवा.

‘अलबेला’त झालरींचे सदरे घालून दिसतो तो चिक चॉकलेटचा बँड. चिक म्हणजे हळदोण्याचा अँतोनियु झेवियर वाझ. ताजमध्ये जॅझ वाजवणारा हा ट्रंपेटवादक चितळकरांचा साहाय्यकही होता. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या अशा वादकांनी मुंबईचा वाद्यवृंद उभा केला. वेष नकली होता, पण फुंक खरी होती. सत्तर वर्षांनीही पाय ठेका धरतो तो या फुंकीमुळे. विनोद म्हणून वाजवलेलं संगीत इतकं टिकत नाही. तबकडीवर मात्र संगीतकाराचं नाव छापलं जाई. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं कोण छापणार?

इथे सदरमध्ये, जबलपूरच्या छावणीत, आम्हा मराठी घरांत ‘गाणं’ म्हणजे नाट्यपद किंवा भावगीत. बाकीचा सगळा धिंगाणा. अण्णा चितळकरांची आठवण निघते ती 1963 च्या त्या देशभक्तिगीतासाठी, फार तर ‘गीतगोपाल’साठी. बोंगोवाले अण्णा घरात घ्यायचे नाहीत! आता त्याच घरांतली मुलं कॅफेत हा ठेका ऐकतात आणि आईवडीलही कौतुकाने मान डोलावतात, कारण तो आता परदेशातून शिक्का मारून आलेला आहे. ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीला वाजलं, पुढे बिअरच्या जाहिरातीतही. मग आम्हाला ते ग्रेट वाटायला लागलं.

आणि त्या शिक्क्याची किंमत? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कल्याणजी-आनंदजींचं चित्रपटसंगीत ‘बॉम्बे द हार्ड वे’ या नावाने अमेरिकेत निघालं. त्यावर नवे ड्रम चढवले आणि तुकड्यांना शीर्षकं दिली ‘फिस्ट्स ऑफ करी’सारखी. करीचे ठोसे! मी भाषांतरकार आहे. मूळ नाव पुसून गंमतीचं नाव चिकटवणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. ड्रमबद्दल माझी तक्रार नाही. चितळकरांनीही दुसऱ्यांचे ठेके उचललेच. पण उचललेल्या ठेक्याची त्यांनी टिंगल केली नाही. हवाईचं सोंग घेतलं ते जीव ओतून.

तेव्हा पुढचा ‘रेट्रो’ लेख लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘किच्’ हा शब्द लिहिण्याआधी त्या गाण्यात ट्रंपेट कोणी वाजवलं ते शोधा, आणि सापडलं तर पहिल्या परिच्छेदात लिहा.