झोपेची गोळी : सवय नेमकी कशाची होते?

"गोळी घेतो, पण आता तिचा काही त्रास होत नाही. सवय झाली आहे." झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांपैकी अनेकांचे हेच म्हणणे असते. माझ्या मते या गोळ्यांबाबतचा सर्वांत घातक गैरसमज हाच आहे.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही सारी एकाच कुळातील औषधे. यातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले. आपल्याकडे 'काम्पोज' हे नाव तर घराघरांत पोचले. मेंदूतील पेशींची धावपळ आवरण्याचे काम 'गॅबा' हे रसायन करते. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. त्यामुळे घालमेल थांबते, झोप येते. पण नवीन गोष्ट मनात साठवण्याची क्रियाही त्याच वेळी मंदावते. दुर्बिणीने तपासणी करताना याच कुळातील मिडाझोलामचे इंजेक्शन देतात, तेव्हा रुग्णाला नंतर त्यातले फारसे आठवत नाही. तेथे हा गुण उपयोगी पडतो. रोजच्या संसारात तोच अवगुण ठरतो.

आता सवयीचे पाहू. रोज गोळी घेतली की काही आठवड्यांतच मेंदू तिला पूर्वीसारखी दाद देत नाही. दिवसाची पेंग कमी होते आणि झोप आणण्याचा गुणही ओसरतो. स्मरणशक्तीवरील परिणामाला मात्र शरीर तितके सरावत नाही. अनेक वर्षे गोळी घेणाऱ्यांतही ती उणीव चाचण्यांत दिसते. म्हणजे फायदा आटतो आणि तोटा उरतो. शिवाय पेंग येईनाशी झाल्यामुळे तोटा झाल्याचे त्या माणसाला कळतही नाही. म्हणून "मला काही होत नाही" ही रुग्णाची ग्वाही मी पुरावा मानत नाही. घरच्यांना विचारतो.

घरचे सांगतात, "अलीकडे बाबा फार विसरतात. एखादे टॉनिक लिहून द्या." अशा वेळी टॉनिकपेक्षा उशाजवळची डबी आधी तपासावी. साठीनंतर ही औषधे शरीराबाहेर पडायला जास्त वेळ घेतात. डायझेपामचा अंश तर कित्येक दिवस रेंगाळतो. विसराळूपणा, अडखळती चाल, रात्री लघवीला उठताना तोल जाऊन मोडलेले खुब्याचे हाड, हे सारे वयाच्या नावावर खपून जाते. तरुणांनीही निर्धास्त राहू नये. रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी मोटारसायकल चालवताना शिल्लक असू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी तो वाढतो, आणि दारूसोबत ही गोळी जिवावर बेतू शकते.

हे वाचून कोणी आज रात्रीच गोळी बंद करू नये! रोजची गोळी एकाएकी तोडल्यास झोप पार उडते, हातपाय कापतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडीथोडी कमी करत, काही आठवडे किंवा महिने लावून ती सोडवावी लागते. सोडल्यावर अनेकांची स्मरणशक्ती सुधारते. मात्र पूर्ववत व्हायला वेळ लागू शकतो.

या गोळ्या वाईट नाहीत. फिट थांबवायला, तीव्र भीतीच्या झटक्यात किंवा मोठ्या दुःखातील काही रात्रींसाठी त्या मोलाच्या आहेत. झोपेसाठी दोन ते चार आठवडे ही त्यांची मर्यादा मानावी. यातल्या बऱ्याच गोळ्या २०१४ पासून 'एच-१' या अनुसूचीत आहेत. चिठ्ठीवाचून त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवायची असते. पण नुसत्या वहीने भागणार नाही. गोळी कधी सुरू करायची हे आम्ही डॉक्टर लिहितो. ती कधी थांबवायची तेही त्याच चिठ्ठीवर लिहिले पाहिजे. आणि ते लिहिलेले नसेल, तर रुग्णाने संकोच न करता विचारले पाहिजे.