ओल्या बाळंतिणीच्या मनाची दाद

घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी कांदा निवडणाऱ्या बायांची रांग पाहावी. त्यांत एखादी अशी असते, की जिचे तान्हे मूल शेजारी गोणपाटावर निजलेले असते. सव्वा महिना पुरा होतो न होतो तोच ती कामावर आलेली असते. हात चालतात, पण नजर हरवलेली. झोप नाही, अन्नावर वासना नाही, मुलाला जवळ घ्यावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. शेजारीण म्हणते, बाहेरची बाधा. अंगारे-धुपारे आपण घराबाहेर टाकले; मग बाधेची भाषा अजून ओठांवर का? हा आजार आहे. बाळंतपणानंतर काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक होय. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल तर डॉक्टरांकडे जावे. स्वतःच्या वा बाळाच्या जिवाविषयी वाईट विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि स्त्रियांच्या श्रमांवर ज्याचा लाभ होतो त्या मालकानेही भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांकरिता पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी दाखला दिल्यास आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. हा आजार शरीराचाच असावा, असे कायदा म्हणत नाही. नोकरदार भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु कांदा निवडणारी रोजंदारीण आणि उसाच्या फडातील कोयतेकरीण यांनी ही रजा मागावी कोणाकडे? त्यांचा मालक कागदावर सापडतच नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याकरिता ५,००० रुपये आहेत. ते जरूर घ्यावेत. पण तेवढ्यावर सहा महिने चूल पेटत नाही. सबब आमची मागणी अशी, की बाजाराच्या आवारात पाळणाघर व्हावे, त्याचा खर्च बाजार समितीने व व्यापाऱ्यांनी सोसावा. आणि मुकादमाने बाळंतिणीचा खाडा उचलीत धरू नये.

सरकारी दवाखान्यात मनावरील उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. मात्र पहिली दाद घरातच लागली पाहिजे. नवऱ्याने रात्री मूल सांभाळावे, सासूने सुनेला दोन घटका निजू द्यावे. आणि ती रडू लागली तर तिला गप्प करण्याआधी, काय होते आहे, एवढे तरी विचारावे.